भाऊ बॉर्डरवर, फोनवर फक्त "सब बढिया". दिवसभर करतात तरी काय हे लोक?

मानेवाड्याची_ताई

नमस्कार मंडळी. माझा लहान भाऊ फौजेत आहे. सध्या [युनिट व ठिकाण काढले – संपादक] इथे आहे. गेला तेव्हा आम्ही सगळे टेकडीच्या गणपतीला जाऊन मग स्टेशनवर गेलो होतो, तोपर्यंत आई अगदी खंबीर होती. आता सकाळी उठली की टीव्ही लावते आणि रात्री झोपेपर्यंत खालून सरकणारी पट्टी वाचत बसते. मे २०२५ मध्ये चॅनेलवाल्यांनी एका रात्रीत कराची बंदर उडवून दिलं होतं, तेव्हापासून तिला ही सवय लागली.

त्याचा फोन येतो तेव्हा बोलणं असं होतं. जेवला का? हो. थंडी आहे का? आहे थोडीशी. सगळं ठीक ना? सब बढिया. संपलं! अख्खं आयुष्य नागपुरात, मानेवाड्यात काढलेला पोरगा, पण हे एवढं हिंदीतच बोलतो.

मला लढाईच्या गोष्टी नकोत. तो उठतो किती वाजता, खातो काय, कामाला काय असतं, रिकामा वेळ मिळतो का, एवढंच समजून घ्यायचं आहे. आईला काहीतरी सांगता आलं पाहिजे. फोनवर काय विचारावं आणि पार्सलमध्ये काय पाठवावं, हेही सांगा. इथे बरेच माजी सैनिक आहेत म्हणून विचारून राहिली.

संपादक

ताई, तुमच्या पोस्टमधून युनिट, ठिकाण आणि तारीख काढली आहे, राग मानू नका. बाकीच्यांनाही विनंती: सध्या कोण कुठे आहे, कधी निघालं, कधी परतणार, हे इथे लिहू नका. जुने अनुभव लिहा. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने वाहिन्यांनाही लष्करी हालचाली थेट दाखवू नका असं बजावलं होतं. आपला फोरम छोटा असला तरी उघडाच आहे.

तर्री_पोहे

ताई, फौजीचंच काय घेऊन बसल्या. आमचा जावई बुटीबोरीत एमआयडीसीत आहे, घरून अर्ध्या तासावर. तोही फोनवर एवढंच बोलते. (हलके घ्या.)

माजी_गार्ड्समन

ताई, राम राम. मी कामठीच्या गार्ड्स सेंटरचा, आता पेन्शनवर. "सब बढिया" म्हणजे तुमच्यापासून काही लपवून रायला असं नाई. फोनच्या मागं लाइन लागली राह्यते, बाजूले हवालदार मेजर उभा. त्याच्यात माणूस काय मन मोकळं करन?

मी काश्मीरात राष्ट्रीय रायफल्समध्ये होतो, तिथलं सांगतो. लोकायले वाटते रोज गोळीबार. रोजचं काम म्हणजे रोड ओपनिंग, आम्ही आरओपी म्हणतो. पहाटे अंधारात उठा, चहा घ्या, बुलेटप्रूफ जाकीट चढवा, डोक्यावर पटका बांधा (हा पटका लोखंडी पत्र्याचा, लग्नातला नाई) अन् सडकेच्या दोन्ही बाजूनं चालत निघा. समोर कुत्रं अन् त्याचा मास्तर, मागं सुरुंग शोधणारे. पुलाखाली पाहा, मोरीत पाहा, काल नव्हता तो डबा आज कुठं पडला आहे का पाहा. कुठं माती उकरल्यासारखी दिसली की सगळे जागच्या जागी. मी एकदा अशा जागी अर्धी सकाळ पालथा पडलो होतो. निघालं काय, तं कोण्या घरवाल्यानं मेलेलं मांजर पुरलं होतं.

सडक खुली झाली की आपापल्या जागेवर उभं राह्यचं, शेवटचा काफिला जाईपर्यंत. माझी जागा अक्रोडाच्या झाडाखाली. समोर दुकान, दुकानाच्या पायरीवर एक म्हातारा. तो मले पाहे, मी त्याले पाहो. बोलणं काईच नाई. एक शाळेतली पोट्टी नाक पुसत पुसत सलाम ठोके अन् पळे. दुपारी पॅक लंच: थंड पुऱ्या, आलूची भाजी. चहासंगं शक्करपारे. संध्याकाळी परत आलं की हत्यार सफाई, रोल कॉल, लंगर (म्हणजे फौजेतलं जेवण). पहाट अन् सांज या दोन वेळा 'स्टँड टू', म्हणजे सगळे आपापल्या मोर्चात हत्यारासकट, कारण हल्ला झाला तं याच टायमाले जास्त होते. अन् रात्री नंबर लागला की अँबुश. नाल्यात पडून राह्यचं, खोकायचं नाई, मच्छर मारायचा नाई. बहुतेक रात्री कोणी येत नाई. पण ती बहुतेकातली रात्र आहे का नाई हे सकाळीच समजते.

आता हे सगळं फोनवर सांगून तुमची आई झोपन का? म्हणून सब बढिया.

शंकासुर

एक मूलभूत शंका. काश्मीर समजलं. पण बर्फाच्या भागाला "युद्धभूमी" का म्हणतात? सियाचिनवर तर २००३ पासून शस्त्रसंधी आहे ना? मग तिथे बसून नेमकं करायचं काय? भावना दुखवायच्या नाहीत, खरंच विचारतोय.

तर्री_पोहे

शंकासुर आला म्हणजे धागा दोनशे प्रतिसाद पार करणार. मी पोहे आणायला चाललो.

डॉक्टर_सदर

मी काही वर्षं आर्मी मेडिकल कोअरमध्ये शॉर्ट सर्व्हिसवर होतो, त्यातला काही काळ ग्लेशियरच्या बेसवर.

@शंकासुर, तुमचं अर्धं बरोबर आहे. १३ एप्रिल १९८४ ला सियाचिन ताब्यात घ्यायचं ऑपरेशन मेघदूत सुरू झालं आणि २५ नोव्हेंबर २००३ पासून तिथे गोळीबार थांबला आहे. पण तिथे माणसं मुख्यतः गोळीने मरतच नव्हती, आधीही नाही. हवामानाने गेलेल्यांची संख्या गोळीने गेलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये सोनम पोस्टवर हिमस्खलन झालं आणि दहा जवान गेले, ते शस्त्रसंधीतच. खाली उतरलो तर समोरचा वर चढेल, ही भीती दोन्ही बाजूंना आहे, म्हणून दोघेही बसून आहेत.

दिवस कसा जातो ते सांगतो. आधी वर जायलाच वेळ लागतो. ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस, मग १५ हजारांपर्यंत चार, त्याच्यावर आणखी चार दिवस शरीराला सवय करून घ्यायची. लेहला विमानातून उतरलेला धडधाकट पोरगा पहिले दोन दिवस नुसता पडून असतो, आणि तसं पडून राहायचा हुकूमच असतो. पळत जिना चढणाऱ्याला आम्ही झापायचो. घाई केली की फुफ्फुसात पाणी भरतं, त्याला हापो म्हणतात. सुरुवातीला फक्त कोरडा खोकला आणि दम. जवान सांगत नाही, कारण भित्रा म्हणतील. सकाळी ओठ निळे दिसतात तेव्हा कळतं. त्याला खाली आणणं हाच खरा उपाय. हवामान बिघडलेलं असेल आणि हेलिकॉप्टर येत नसेल, तर त्याला फुगवायच्या पिशवीत ठेवून आत हवेचा दाब वाढवायचा आणि आभाळाकडे बघत बसायचं.

वरच्या पोस्टवर मोजकी माणसं असतात. फायबरची झोपडी, आत रॉकेलची शेगडी. रॉकेलशिवाय तिथे काहीच हलत नाही. पाणी म्हणजे बर्फ वितळवायचा, तो रॉकेलवर. स्वयंपाक, ऊब, सगळं त्यावरच. त्यामुळे सगळ्यांचे चेहरे काजळलेले आणि थुंकी काळी. उंचीवर पाणी लवकर उकळतं पण तेवढं तापतच नाही, म्हणून कुकरशिवाय डाळ शिजत नाही. भूक मात्र मरते. चॉकलेट, काजू, डबाबंद फळं समोर पडलेली असतात आणि जवान म्हणतो, साहेब, नुसता वरण-भात मिळाला असता तर.

आणि सर्वांत मोठं काम म्हणजे फावडं. रात्रभर बर्फ पडला की झोपडीचं दार आणि धुराड्याचं तोंड मोकळं करायचं. पाळीपाळीने. नाही केलं तर आतल्या आत गुदमरायची वेळ. संत्री, म्हणजे पहारेकरी, रात्री उभा असतो तोही तास-दोन तासांच्या वर नाही. उघड्या हाताने बंदुकीच्या लोखंडाला हात लावला तर कातडी चिकटून येते. रोज मोजे काढून बोटं तपासायची, एकमेकांची. एका सुभेदार साहेबांना मी रोज संध्याकाळी पोरांच्या पायाची बोटं दाबून बघताना पाहिलं आहे. बोट दाबल्यावर पांढरं होऊन परत लाल झालं नाही, की शिव्या घालत शेगडीपासून दूर बसवायचे. थेट आगीवर शेकायचं नसतं, कोमट पाण्यात हळूहळू. बधिर पायाला आपण भाजतोय हे कळत नाही.

शंकासुर

धन्यवाद डॉक्टर. फावड्याचं काम कधी डोक्यातच आलं नव्हतं.

अग्निवीर_इच्छुक

सर मी १२ वी झालो. उंची १६९. कामठीला भरती कधी आहे? चार वर्षांनी परत पाठवतात का? प्लीज रिप्लाय.

संपादक

अग्निपथवर वेगळा धागा आहे, तिकडे विचारा. इकडे नको.

तर्री_पोहे

@अग्निवीर_इच्छुक, भाऊ, डॉक्टरचा प्रतिसाद वाचून पण "प्लीज रिप्लाय" म्हणून रायला म्हणजे तुझं सिलेक्शन पक्कं समज.

गोरेवाड्याची_मी

ताई, मी बायको म्हणून लिहिते. मिस्टर आता घरी आहेत, शेजारी बसून "हे नको लिहू" म्हणत आहेत.

आमच्या लग्नाच्या सुरुवातीला वरून सॅटेलाइट फोन यायचा. मिनिटाला पाच रुपये. २०१७ च्या दिवाळीत तो एक रुपया झाला. पाच रुपयांच्या काळात आम्ही बोलायच्या गोष्टी कागदावर लिहून ठेवायचो, आणि आवाज उशिरा पोचायचा म्हणून दोघं एकदम बोलायचो, मग दोघं एकदम गप्प. अर्धे पैसे "हं? काय?" मध्येच जायचे. आता म्हणे वर टॉवर लागलेत. बीएसएनएलनं २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पंधरा हजार फुटांच्या वर लावला, मग बाकीचे आले. तरी यांचा फोन तसाच, तुटक. म्हणजे दोष पैशाचा नव्हता!

माझा अनुभव सांगते. "कसा आहेस" विचारलं की "बढिया" येतं. "कधी येणार" तर विचारूच नका. त्याच्या हातात काहीच नसतं आणि सुट्टी रद्द झाली तर ते सांगायची हिंमत त्याला गोळा करावी लागते. त्याऐवजी बारकं विचारा. आज लंगरला काय होतं? बाजूच्या पलंगावर कोण आहे, कुठला आहे? शेगडी कोणी पेटवली? यावर ते बोलतात. आमच्या घरी त्या काळात मला एका गढवाली जवानाच्या म्हशीचं नाव, वय, दूध सगळं माहीत झालं होतं. आणि आपल्या घरचं सांगा. नळाला पाणी आलं नाही, गच्चीवर सांडगे घातले आणि पाऊस आला, शेजारच्यांशी भांडण झालं, सगळं. त्यांना ते हवं असतं.

एक मात्र आहे. निर्णय त्यांच्यावर टाकू नका. प्लॉटचं काय करू, सासूबाईंचं ऑपरेशन करू की नको, असं विचारून फोन ठेवला की ते आठवडाभर तेच घोळवत बसतात. फौजीच्या घरची कामं अडली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत होते. माझं एका बँकेत अडलेलं काम त्यांच्या पत्राने निघालं होतं.

काटोलरोड_काका

वरील प्रतिसाद आवडला. यावरून एक विचारतो: वाईट बातमी कळवावी की नाही?

माझे वडील १९८७ ला शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते, जाफन्याकडे. ऑपरेशन पवन. त्या काळी टपालच. आजी गेली तेव्हा घरच्यांनी त्यांना कळवलं नाही. नंतरच्या पत्रांमध्ये "आईची तब्येत बरी आहे" असं सुद्धा लिहिलं. ते परतले तेव्हा स्टेशनवरच कळलं. मी लहान होतो, पण ते हमालाच्या गाड्यावर बसून राहिले ते आठवतं. पुढे कधी विषय निघाला तर म्हणायचे, बरं केलं सांगितलं नाही. तिथे सुरुंग होते, डोकं ठिकाणावर लागायचं.

गोरेवाड्याची_मी

काका, मला नाही पटत. आज कळतंच. गावातला कोणीतरी स्टेटस ठेवतो. मग घरच्यांनी लपवलं हे वेगळं दुःख होतं. आणि पुढच्या वेळी "सगळं ठीक आहे" म्हटलं तरी ते विश्वास ठेवत नाहीत. सांगावं, पण आधी त्यांच्या साहेबांना कळवून, म्हणजे कोणीतरी जवळ असतं.

काटोलरोड_काका

तुमच्या जागी तुम्ही बरोबर असाल. वडील मात्र शेवटपर्यंत त्यांच्या मतावर होते.

माजी_गार्ड्समन

मी दोन्ही पाहून आहो. आमच्या कंपनीत एकाचा बाप गेला, साहेबानं त्याले आपल्या तंबूत बोलावून सांगतलं अन् हत्यार काढून घेतलं. लोक म्हणे, हत्यार काहून घेतलं? मी म्हणतो बरोबर केलं. पुढच्याच काफिल्यात त्याले बसवलं. वर्षाची साठ दिवस सुट्टी अन् तीस दिवस सीएल (किरकोळ रजा) कागदावर आहे, पण अशा वेळी कागद कोणी पाहत नाई. अर्थात काफिला जम्मूले पोचला पाह्यजे. रस्ता बंद असला की ट्रान्झिट कॅम्पात पडून राहा. तिथून पुढं अंदमान नाईतर हिमसागर पकडून नागपूर. रिझर्वेशन नसलं तं दाराजवळ ट्रंकेवर बसून.

एसआरपी_हिंगणा

वाचून राहिलो सगळं. एक बोलू का? सगळे बर्फ अन् काश्मीर म्हणतात. नागपूरपासून पावणेदोनशे किलोमीटरवर गडचिरोली आहे. तिकडे आम्ही वर्षानुवर्षे ड्युटी केली, त्याले कोणी बॉर्डर म्हणत नाई. परमवीर तं सोडाच, लग्नात लोक विचारतात, "पोलिसात आहे का? मग वरकमाई असन."

आमचा दिवस म्हणजे पायदळ. गाडी वापरायची नाई, कारण रस्त्यात सुरुंग. १ मे २०१९ ले जांभुळखेड्याजवळ गाडीच उडवली होती, पंधरा जवान अन् ड्रायव्हर. म्हणून जंगलातून चालायचं, अन् गेलो त्या वाटेनं परत यायचं नाई. पाठीवर तांदूळ, डाळ, ताडपत्री, पाणी. पावसाळ्यात पर्लकोटेले पूर आला की भामरागड तुटते. मग पोलिस मदत केंद्रात जे सामान आहे त्याच्यावर दिवस काढा. मलेरिया तं घरचाच समजा. रेंजसाठी एक टेकडी ठरलेली राह्यते, पण एकाच टेकडीवर एकाच टायमाले रोज जाणं म्हणजे आमंत्रण. म्हणून फोन कधी सकाळी, कधी चार दिवसांनी. बायको म्हणे, तुम्ही विसरता. आता तिले काय सांगू, की टाइम बदलावा लागते म्हणून.

शंकासुर

पण तांत्रिकदृष्ट्या ती युद्धभूमी नाही, तो अंतर्गत सुरक्षेचा...

एसआरपी_हिंगणा

भाऊ, सुरुंगाले तांत्रिक समजत नाई.

डॉक्टर_सदर

+१. आणि सी-६० हे गडचिरोली पोलिसांचं नक्षलविरोधी पथक १९९० पासून आहे, म्हणजे हे आजचं नाही. @एसआरपी_हिंगणा, वेगळा धागा काढा, मी तरी नक्की वाचेन.

निळी_टोपी

माझं ठिकाण अजून वेगळं. मी राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानला होतो, निळं हेल्मेट. तिकडे पाठवणारे आणि पगार मोजणारे नातेवाईक याला "फॉरेन पोस्टिंग" म्हणत. राहायला कंटेनर. एसी जनरेटरवर, म्हणजे जनरेटर बंद पडला की भट्टी.

आपल्या विदर्भातल्या माणसाला तिथली जमीन परकी वाटत नाही. तीच काळी माती. पहिल्या पावसातच रस्ता संपतो आणि चिलखती गाड्या पोटापर्यंत रुततात. अर्धी गस्त गाडी काढण्यातच जायची. आम्ही दोन-तीन विदर्भातले होतो, गाडीखाली काय टाकायचं ते आम्हाला विचारायचे.

तिथे सगळा हिशेब गुरांचा. लग्न गुरांवर, भांडण गुरांवर, लढाई पण गुरांच्या चोरीवरून. म्हणून आपल्या तुकडीसोबत जनावरांचे डॉक्टर होते. गस्तीला गेलो तर बंदूकधारी पोरं आमच्याशी बोलायची नाहीत, पण गुरांचा डॉक्टर आला की रांग. लांब शिंगांचे बैल धरून तासन्तास उभी. गावात काय शिजतंय ते त्या रांगेत कळायचं.

पण तेही सोपं नाही. डिसेंबर २०१३ मध्ये तिथे यादवी भडकली, हजारो लोक जीव वाचवायला राष्ट्रसंघाच्या तळांवर आले. अकोबोला तळावरच हल्ला झाला आणि आपले दोन जवान गेले. त्या बातमीनंतर घरच्यांनी "फॉरेन" म्हणणं सोडलं.

तर्री_पोहे

एवढं सगळं वाचून मले माझ्या नोकरीबद्दल तक्रार करायची लाज वाटून रायली. पण मूळ प्रश्न राहिला ना बे. पार्सलचं काय? ताई वाट पाहून राहिल्या.

छप्पन_एपीओ

पार्सलचं मी सांगतो. डाक खात्यातून डेप्युटेशनवर आर्मी पोस्टल सर्व्हिसमध्ये गेलो होतो. तिचं सेंटर आपल्या कामठीलाच आहे, हे किती नागपूरकरांना ठाऊक आहे कोण जाणे.

पत्त्यावर गावाचं नाव नसतं, लिहूही नका. सैनिक नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि पुढे ५६ एपीओ, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. पूर्वेकडचा असेल तर ९९. पिन ९ ने सुरू होणारा. छप्पनचा माल दिल्लीत आणि नव्याण्णवचा कोलकात्यात छाटला जातो. पुढे युनिट कुठे आहे ते फक्त त्यांना माहीत. भाऊ सियाचिनला असो की राजस्थानात, तुम्ही लिहाल तेच. युनिट हललं तरी पत्र मागोमाग जातं. नंबर मात्र सुवाच्य लिहा. डॉक्टरांसारखं नको. एकाच कंपनीत तीन-तीन पाटील असतात.

आम्ही पोती फोडायचो तेव्हा वासावरून प्रांत ओळखायचो. नारळाचा वास म्हणजे केरळ. मिरचीचा ठसका आला आणि सगळं फील्ड पोस्ट ऑफिस शिंकायला लागलं, की समजायचं नागपूर-भंडाऱ्याकडचं आहे. एकदा कोणाच्या आईने सावजी रस्सा बरणीत भरून पाठवला होता. बरणी फुटली, आणि त्या पोत्यातली सगळी प्रेमपत्रं लालभडक झाली.

काटोलरोड_काका

सावजी रस्सा पार्सलने पाठवणारी माऊली कोण ती, तिचा सत्कार करा.

तर्री_पोहे

त्या लाल पत्रांचं पुढं काय झालं?

छप्पन_एपीओ

वाळवून वाटली. एकाने तक्रार केली नाही. एक जण म्हणाला, साहेब, पत्र वाचण्याआधी चाटून पाहिलं.

डॉक्टर_सदर

ताई, पार्सलमध्ये ओलं आणि जड नको. भाऊ वर असेल तर पार्सल बेसपर्यंत पोचतं, पुढे चित्ता हेलिकॉप्टरला जागा असेल तेव्हा. त्या उंचीवर हेलिकॉप्टर फार थोडं वजन उचलतं आणि त्यात रॉकेल, औषधं आधी. गरम कपडे पाठवू नका, तिथले त्यांचे वेगळे असतात आणि चांगले असतात. ओठांना लावायचं मलम द्या. पत्त्यांचा जोड द्या. कोणालाही वाचता येतील अशी मासिकं द्या, ती फाटेपर्यंत फिरतात. आणि घरच्यांच्या हाताने लिहिलेलं पत्र. हे मी भावुक होऊन सांगत नाही. व्हॉट्सअ‍ॅप बघायला बॅटरी लागते, आणि थंडीत बॅटरी अंगाशी धरून ठेवावी लागते. कागद उशाखाली राहतो.

मानेवाड्याची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण काल त्याचा फोन आला.

गोरेवाड्याच्या ताईंनी सांगितलं तसं मी "लंगरला काय होतं" विचारलं. पाच सेकंद शांत. मग म्हणतो, "तुला काय करायचं?" मी म्हटलं, सांग ना. मग जो सुटला! यांच्याकडे एक तेलंगणाचा पोरगा आहे, त्याला रोज भातच पाहिजे, आणि एक हरियाणाचा आहे, त्याला भात बघून राग येतो. त्यावरून यांची रोज पंचायत भरते. भाऊ मध्ये, कारण आपण दोन्ही खातो. घरी असताना ताटातला भात बाजूला सारायचा हा.

आईने फोन घेतला आणि पहिलाच प्रश्न केला, "कधी येतो?" त्याने लगेच "सब बढिया, ठेवतो" म्हणून फोन ठेवला. आता घरात त्यावरून वाद सुरू आहे. आईचं म्हणणं, मी आई आहे, मी तेच विचारणार. बाबा म्हणतात, तिला विचारू दे. मला अजून काही सुचलं नाही. टीव्ही मात्र दुपारी दोन तास बंद ठेवायचं कबूल केलं आहे. त्या वेळात तिची सिरियल नसते म्हणून असेल.

अजून एक. त्याचं फेसबुक बंद आहे, त्यामुळे आईला वाटतं तो काही लपवतो.

माजी_गार्ड्समन

त्यात लपवणं काई नाई. जुलै २०२० मध्ये फौजेनं ८९ अ‍ॅप काढायले सांगतले होते, फेसबुक, इन्स्टा सगळं त्यात. आईले तसं सांगा. उलट फौजीचं फेसबुक जोरात चालू दिसलं तं काळजी करा.

अन् आईले विचारू द्या. माझी माय पण तेच विचारे. मी चिडो. सगळेच चिडतात. मायनं नाई विचारलं तं अजून चिडतात.

गोरेवाड्याची_मी

हे खरं आहे. मिस्टर शेजारून मान हलवत आहेत.

एसआरपी_हिंगणा

पार्सलात जवसाची चटणी टाका ताई. कोरडी, तेल न घालता, दोन पुड्यांत बांधून. एक त्याले, एक त्या हरियाणावाल्याले. भाताचं भांडण आपोआप मिटन.

छप्पन_एपीओ

चटणी चालेल. पण पुडी आधी प्लॅस्टिकमध्ये, मग कापडात शिवा, आणि कापडावरच पत्ता लिहा, चिकटवलेला कागद निघून जातो. शाई पाण्याने न जाणारी. भिवापुरी मिरची घातली असेल तर आणखी एक प्लॅस्टिक लावा. छाटणीवाली पण माणसंच आहेत.

मानेवाड्याची_ताई

उद्याच भाजते जवस. कापडावर लिहायला बाजारात मार्कर मिळतो का, की दुसरं काही वापरायचं?

छप्पन_एपीओ

मिळतो. स्टेशनरीच्या दुकानात परमनंट मार्कर मागा. काळा घ्या, निळा पुसट होतो.